विश्लेषण : अभिक्रियेवर इन्फ्रारेड ‘पहारा’ ठेवण्याचे पेटंट मिळते का?

औषध कारखान्यात अभिक्रिया नेमकी कधी पूर्ण झाली, हे कळणे महत्त्वाचे असते. लवकर थांबवली तर कच्चा माल तसाच उरतो, उशीर झाला तर अशुद्धी वाढू शकतात. ही वेळ इन्फ्रारेड किरणांनी टिपण्याच्या पद्धतीवर कुणी पेटंट मागितले, की पहिला आक्षेप येतो : यात नवे काय?

पद्धत काय आहे?

रेणूंमधील बंध ठरावीक इन्फ्रारेड किरणच शोषतात. कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाची खूण १७०० प्रति सेंटिमीटर या तरंगसंख्येच्या आसपास दिसते. अभिक्रियेत हा बंध नाहीसा होत असेल, तर खूणही फिकी होत जाते. पात्रातच प्रोब बुडवला, की दरवेळी नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागत नाही. अमेरिकेच्या ‘एफडीए’ने २००४ मध्येच उत्पादन सुरू असताना अशी मोजमापे करण्यास प्रोत्साहन देणारी मार्गदर्शिका काढली.

वाद कशावरून?

पेटंटसाठी नवेपणा पुरेसा नाही. त्या क्षेत्रातल्या सर्वसाधारण जाणकाराला ती कल्पना सहज सुचणारी नसावी. उपकरण जुने, अभिक्रिया जुनी, मग जोडणी म्हणजे शोध कसा, असे विरोधक विचारतात. अर्जदाराचे उत्तर असते, की पाणीही इन्फ्रारेड शोषते, खुणा एकमेकींत मिसळतात. त्यामुळे यशाची खात्री नव्हती.

न्यायालये काय पाहतात?

‘केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स’ हा खटला मोटारीच्या पेडलला इलेक्ट्रॉनिक सेन्सर जोडण्याचा होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगितले, की ओळखीचे घटक ओळखीच्या रीतीने जोडून अपेक्षितच परिणाम मिळत असेल, तर ती कल्पना बहुधा उघड ठरते. मात्र उत्तर कळल्यावर प्रत्येक शोध सोपा वाटतो, हा धोकाही न्यायालयाने लक्षात आणून दिला. म्हणून अर्जाच्या तारखेपूर्वी जाणकारांना काय ठाऊक होते, हे कागदोपत्री तपासले जाते.

भारतात काय?

पेटंट कायदा, १९७० मध्येही हीच कसोटी आहे. शिवाय कलम २५ नुसार पेटंट मंजूर होण्याआधी कुणालाही विरोध नोंदवता येतो. जेनेरिक औषधे बनवणाऱ्यांसाठी हे हत्यार मोलाचे. केवळ ‘पाहण्या’वर मक्तेदारी मिळाली, तर जुने औषध बनवतानाही परवाना घ्यावा लागेल. उलट खरी अडचण सोडवणाऱ्यालाही नकार मिळाला, तर ती सोडवण्यावर खर्च कोण करणार?