वर्धमान मात्रा आणि रुग्णाचा भ्रमणध्वनी

औषधाची निवड अचूक असूनही मात्रेचा क्रम बिघडला तर चिकित्सा फसते, हे प्रत्येक वैद्य जाणतो. वर्धमान पिप्पली हे याचे ठळक उदाहरण होय. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानातील रसायनाध्यायात सांगितलेल्या श्रेष्ठ प्रयोगात पहिल्या दिवशी १० पिंपळ्या, रोज १० वाढवीत दहाव्या दिवशी १०० आणि त्याच क्रमाने उतरत एकोणिसाव्या दिवशी पुन्हा १०, असा १००० पिंपळ्यांचा हिशेब आहे. मध्यम प्रयोगात ही वाढ ६ ची, तर कनिष्ठ प्रयोगात ३ ची. आजच्या रुग्णाचे बल व अग्नी पाहून आम्ही याहून पुष्कळ लहान क्रम योजतो. रोज १ वाढवीत ७ पर्यंत चढ व नंतर उतार. १३ दिवसांत एकूण ४९ पिंपळ्या, दुधात उकळून.

कागदावर हा क्रम सोपा दिसतो. घरी गेलेला रुग्ण मात्र ‘काल चार होत्या की पाच?’ येथेच अडखळतो. म्हणून आम्ही रुग्णाच्या भ्रमणध्वनीतील दिनदर्शिकेत तारखेनुसार १३ नोंदी करून देऊ लागलो. एक गृहस्थ चौथ्या दिवशी ४ पिंपळ्या घेऊन लग्नकार्यासाठी परगावी गेले. दोन दिवस औषध राहिले. सातव्या दिवशी यंत्राने ७ चा आकडा दाखविला आणि त्यांनी तो निमूटपणे पाळला. रात्रभर छातीत जळजळ झाली. दोष त्यांचा नव्हता, यंत्राचाही नव्हता. मात्रा तारखेला बांधण्याची चूक आमची होती.

तेव्हापासून आम्ही पद्धत बदलली. मात्रा पुडीवर आणि वेळ यंत्रावर, असे काम वाटून दिले. १ ते १३ क्रमांकांच्या पुड्या चिकित्सालयातच बांधून देतो. भ्रमणध्वनीवर रोज सकाळी एकच गजर होतो व त्यावर ‘पुढील क्रमांकाची पुडी’ एवढेच शब्द असतात. एखादा दिवस चुकला तरी क्रम तुटत नाही, चुकलेली पुडी दुसऱ्या दिवशी घेतली जाते. दोन पुड्या एकदम घेणे वर्ज्य. दोनहून अधिक दिवस खंड पडल्यास आम्हास विचारल्यावाचून पुन्हा आरंभ करावयाचा नाही.

अक्षरओळख नसलेल्या वृद्धांसाठी व्हॉट्सअ‍ॅपवर आमच्या आवाजातील संदेश पाठवितो. पुडी घेण्यापूर्वी कालचे अन्न पचले का, भूक लागली का, जळजळ आहे का, हे तीन प्रश्न त्यात असतात. उत्तर समाधानकारक नसेल तर त्या दिवशी पुडी न घेता दूरध्वनी करावा, असे आम्ही बजावतो. पिप्पलीचे अतिसेवन करू नये, असा इशारा चरकाचार्यांनीच विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात दिला आहे. रिकाम्या पुडीचे छायाचित्र रुग्णाने केवळ चिकित्सालयाच्या क्रमांकावर पाठवावे, कुटुंबाच्या समूहावर नव्हे. रोग ही खाजगी बाब आहे.

स्नेहपानातही हेच तत्त्व लागू पडते. तीन ते सात दिवसांच्या मर्यादेत सम्यक् स्निग्ध लक्षणे दिसताच थांबावयाचे असते. हा निर्णय लक्षणे पाहून वैद्यानेच करावयाचा, गजराने नव्हे.

याहून गंभीर प्रसंग आधुनिक औषधांचा. आमवात वा दम्यासाठी दीर्घकाळ प्रेडनिसोलोन घेणारे रुग्ण आपल्याकडे येतात आणि बरे वाटू लागताच ती गोळी स्वतःहून बंद करतात. दीर्घ सेवनाने अधिवृक्क ग्रंथींचा स्वतःचा स्राव मंदावलेला असतो. गोळी एकाएकी थांबविल्यास कमालीची दुर्बलता, वमन, रक्तदाब घसरणे, प्रसंगी प्राणावर बेतणे संभवते. ती गोळी देणाऱ्या डॉक्टरांनी लिहून दिलेला उतरता क्रम आम्ही जसाच्या तसा त्याच पद्धतीने बांधून देतो, त्यात स्वतः फेरबदल करीत नाही. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात सवयीचे अपथ्यही हळूहळू, अंशाअंशाने सोडावयास सांगितले आहे. तेथे औषधाच्या बाबतीत घाई कशी चालेल?

यंत्र वेळ विसरत नाही, हा त्याचा गुण. रुग्णाचा कोठा त्याला कळत नाही, ही त्याची मर्यादा. वैद्यबंधुभगिनींनी हा गुण जरूर वापरावा. मर्यादेपलीकडचे काम मात्र आपल्याकडेच ठेवावे, अशी आमची नम्र विनंती आहे.