फुकटची फाईल आणि कर्त्याची मजुरी

दुकानातून वस्तू उचलणे ही चोरी, हे आपल्या मुलांना वेगळे शिकवावे लागत नाही. पण मोबाईलवर आलेली फाईल दहा जणांना पाठवणाऱ्याला कोणी चोर म्हटले, तर तो लगेच विचारतो, "मी घेतले काय? त्याची वस्तू त्याच्याजवळ आहेच की!" सिनेमा आणि गाण्यांच्या बाबतीत हा वाद जुना झाला. पटावर किंवा टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळांबद्दल मात्र आपण बोलत नाही. वास्तविक प्रश्नाचा गुंता तिथे अधिक उघडपणे दिसतो.

सापशिडीला मालक नाही. ती इथून इंग्लंडला गेली, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे छापून विकली गेली. आपली परवानगी कोणी मागितली नाही. स्क्रॅबल या इंग्रजी शब्दखेळाचे तसे नाही. त्याचा कर्ता माहीत आहे. अल्फ्रेड बट्स हा अमेरिकेतला वास्तुशिल्पी 1930 नंतरच्या मंदीत बेकार झाला. वर्तमानपत्रे समोर घेऊन कोणते अक्षर किती वेळा येते ते तो मोजत बसला आणि त्या मोजणीवरून त्याने अक्षरांच्या सोंगट्या व त्यांचे गुण ठरवले. कंपन्यांनी त्याला नकार दिले. 1948 मध्ये जेम्स ब्रुनो याने तो खेळ बाजारात आणला आणि विकल्या जाणाऱ्या प्रत्येक संचामागे बट्सला काही वाटा द्यायचे ठरले. बेकार माणसाने घरी बसून केलेली ती मोजणी म्हणजे श्रमच होते, हे कष्टकरी वाचकाला सांगायला नको.

पुढे या खेळाचे हक्क दोन बड्या कंपन्यांकडे गेले. अमेरिका आणि कॅनडात हॅस्ब्रो, बाकी जगात मॅटेल. बट्स 1993 मध्ये वारला. त्यानंतर कोलकात्याच्या रजत आणि जयंत अगरवाला या दोन भावांनी संगणकावर खेळता येईल असा तसाच खेळ काढला, नाव ठेवले स्क्रॅब्युलस. 2007 मध्ये तो फेसबुकवर आला आणि रोज लाखो लोक तो खेळू लागले. अमेरिकेच्या कंपनीचा स्वतःचा खेळ फेसबुकवर यायला 2008 चा जुलै उजाडला. त्याच महिन्यात तिने न्यूयॉर्कमध्ये भावांवर दावा लावला आणि अमेरिका-कॅनडात स्क्रॅब्युलस बंद झाला. वर्षअखेर तो दावा मागे घेतला गेला.

आपल्याकडचा निकाल अधिक विचार करण्यासारखा आहे. मॅटेल दिल्ली उच्च न्यायालयात गेली. सप्टेंबर 2008 मध्ये न्यायालयाने पटावर कंपनीचा कॉपीराइट आहे हे म्हणणे प्रथमदर्शनी मानले नाही, पण स्क्रॅब्युलस हे नाव वापरायला मनाई केली. म्हणजे खेळायची रीत कोणाच्या तिजोरीत कोंडता येत नाही. मात्र दुसऱ्याने कमावलेल्या नावावर आपले दुकान चालवता येत नाही. मला हा न्याय पटतो. शब्द जुळवण्याची युक्ती सर्वांची, पण ओळख ज्याची त्याची.

याचा अर्थ फाईल पळवायला मोकळीक मिळाली असा कोणी घेऊ नये. रीत वेगळी आणि ती समजावणारा मजकूर, चित्रे, नकाशे वेगळे. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा 1974 पासूनचा अमेरिकन खेळ जवळजवळ सगळा पुस्तकांवर चालतो. पुस्तक उचलले की खेळच उचलला. एप्रिल 2009 मध्ये त्याच्या कंपनीने, विझार्ड्स ऑफ द कोस्टने, नवे पुस्तक संगणकावरून वाटल्याबद्दल आठ जणांवर दावे लावले आणि त्याच वेळी आपल्या सर्व पुस्तकांच्या पीडीएफ फाईलींची विक्रीच थांबवली. झाले काय? चोरलेल्या प्रती फिरतच राहिल्या आणि पैसे मोजायला तयार असलेला गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परतला. ती विक्री पुन्हा सुरू व्हायला 2013 चा जानेवारी उजाडला. कारखान्यात एकाने माल लांबवला म्हणून सगळ्यांचाच पगार रोखावा, तसला हा कारभार!

बड्या कंपनीचे एक वेळ निभावते. आज असे खेळ एकटादुकटा माणूसही रचतो आणि फाईल करून थोड्या किमतीत विकतो. फाईलीची दुसरी प्रत काढायला खर्च येत नाही, हे खरे. पण पहिली प्रत तयार व्हायला त्याची वर्षे गेलेली असतात. गिऱ्हाईक जे पैसे देते, ते कागदाचे नसून त्या वर्षांचे असतात. नाक्यावरच्या मजुराला "माती तर इथलीच, तू काय आणलेस?" असे विचारून कोणी मजुरी बुडवली, तर आपण गप्प बसू का?

परदेशी किमती आपल्या पगाराला झेपत नाहीत, ही अडचण मात्र खरी आहे. तिला नीती शिकवून उत्तर मिळत नाही. मार्ग आहेत. विकत घेतलेला पट शेजाऱ्याला खेळायला देणे म्हणजे नक्कल नव्हे. चाळीतल्या पाच घरांनी वर्गणी काढून एक संच घेतला, तर कोणाचे काही बुडत नाही. अमेरिकेत 1996 मध्ये जेम्स अर्नेस्ट यांनी चीपॅस गेम्स काढली. फासे आणि सोंगट्या घराघरांत असतातच, मग त्यांचे पैसे पुन्हा का घ्यायचे, असा विचार करून ते नुसता पट, पत्ते आणि नियम स्वस्तात विकत. पुढे त्यांनी आपले कितीतरी खेळ छापून घेण्यासाठी फुकट खुले केले. असे खेळ खुशीने देणारे कर्ते आजही आहेत. त्यांची फाईल उतरवून घ्यावी, झेरॉक्सच्या दुकानात छापावी, जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवावी आणि कात्री मुलांच्या हाती द्यावी.