को-वर्किंगची जागा घेताय? पैसे भरण्याआधी गुरुवारी दिवसभर बसून बघा

वाघोली : शिरूर, दौंड, हवेली तालुक्यांतल्या गावांत लॅपटॉपवर नोकरी करणारी पोरंपोरी आता नवीन राहिलेली नाहीत. कोरोनात गावी आलेले बरेचजण परत गेले, काही मात्र घरूनच काम करतात. कंपनी पुण्याची, बंगळूरची, कधी थेट अमेरिकेतली. अडचण लाइटची. गावठाणात ती जरा बरी असते, पण वस्तीवरच्या घरात भरवसा नाही. मीटिंग चालू असताना वायफाय बंद पडलं की मोबाइलच्या हॉटस्पॉटवर यायचं. व्हिडिओ कॉलला तासाला साधारण एक जीबी लागतो आणि पॅक दिवसाला दीड-दोन जीबीचा. म्हणजे दोन मीटिंगांत खेळ खल्लास. साहेब एकदा समजून घेतो, दोनदा घेतो, तिसऱ्यांदा गोष्ट नोकरीवर येते.

म्हणून आता शहराच्या कडेला को-वर्किंगची जागा शोधणारे वाढलेत. को-वर्किंग म्हणजे टेबल-खुर्ची, इंटरनेट, लाइट, एसी आणि चहापाणी एकत्र भाड्याने. दिवसाच्या, महिन्याच्या किंवा वर्षाच्या बोलीवर. २००५ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला एका संगणक अभियंत्याने अशी जागा सुरू केली, तेव्हापासून हा शब्द चालू झाला. खराडी, बाणेर, हिंजवडीत मोठ्या कंपन्यांच्या चकचकीत इमारती आहेत. नगर रस्त्याने येणाऱ्याला मात्र वाघोली सोयीची. गाव २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेलं, सोसायट्या वाढल्या आणि बँकेच्या, शोरूमच्या वरच्या मजल्यांवर दहा-वीस खुर्च्यांच्या छोट्या जागा दिसू लागल्या.

या छोट्या जागा शोधायच्या कशा? मोबाइलच्या नकाशावर नुसतं को-वर्किंग टाकून भागत नाही. शेअर्ड ऑफिस, बिझनेस सेंटर असंही टाकून बघावं. फोटो उद्घाटनाच्या दिवशीचे असतात, त्यांना भुलू नये. अभिप्राय वाचताना सगळ्यात नवे आधी लावायचे आणि एक-दोन तारे दिलेले नीट वाचायचे. पण खरी माहिती ब्रॉडबँडची वायर ओढणाऱ्या पोराकडे मिळते. कुठल्या इमारतीत कुणाची लाइन आहे, कुठली दर आठवड्याला तुटते, हे त्याला तोंडपाठ असतं. त्याला एक चहा पाजलेला वाया जात नाही.

अंतर किलोमीटरमध्ये मोजू नये. शिरूर बाजूने येणाऱ्याला जागा केसनंद फाट्याच्या अलीकडे मिळाली तर रोजची कोंडी टळते. दोन किलोमीटर पुढची जागा पाचशे रुपयांनी स्वस्त म्हणून घेतली, तर ते पाचशे पेट्रोलात आणि डोकेदुखीत जातात. ज्यांना शहराकडूनही ये-जा करायची आहे त्यांच्यासाठी मेट्रो सध्या रामवाडीपर्यंत आहे, तिथून पुढे बस किंवा रिक्षा.

गुरुवारच का?

पुणे परिसरात महावितरणची दुरुस्तीची कामं बहुतेक गुरुवारी निघतात. शहरात पाणीही बरेचदा गुरुवारीच बंद असतं. सोमवारी जागा बघायला गेलात तर सगळं झकास दिसणार. गुरुवारी एक दिवसाचे पैसे भरा आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसा. लाइट गेल्यावर काय होतं ते बघा. इन्व्हर्टर आहे की जनरेटर, हे विचारण्यापेक्षा इन्व्हर्टरवर काय काय चालतं ते विचारावं. पंखे आणि दिवे चालू आणि राउटर बंद, असे महाभागही आहेत. इंटरनेटच्या दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइनी हव्यात. एकाच कंपनीच्या दोन लाइनींचा उपयोग नाही, खड्डा खणताना दोन्ही एकदम तुटतात.

वेग मोजताना डाउनलोडचा मोठा आकडा दाखवतात. कॉलसाठी अपलोड बघायचा. तो पाच एमबीपीएस जरी सतत मिळाला तरी एका माणसाला पुरतो, फक्त दुपारी सगळ्या खुर्च्या भरलेल्या असताना मोजा. फोनवर बोलायला वेगळी खोली आहे का, तिच्यासाठी रांग लागते का, हेही त्याच दिवशी कळेल. पोरींनी स्वच्छतागृह आणि जिन्यातला उजेड बघितल्याशिवाय होकार देऊ नये. पाणी बंद असलेल्या दिवशी स्वच्छतागृहाची खरी परीक्षा होते.

कॉलचं काम नसेल, नुसतं कोडिंग, डिझाइन किंवा डाटा एंट्री असेल, तर एमपीएससीच्या पोरांची अभ्यासिका काय वाईट? बरीच स्वस्त पडते आणि शांतता पक्की. मात्र तिथे फोनवर बोललं की पन्नास डोळे वर होतात.

अमेरिकेच्या शिफ्टवाल्यांनी वेळ आधी विचारावी. न्यूयॉर्कला सकाळचे ९ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा असतात. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की साडेसात. रात्री नऊला शटर ओढणारी जागा अशांच्या कामाची नाही. शिवाय मध्यरात्री मोटारसायकलवर परतताना ऊसपट्ट्यात बिबट्याची भीती आहेच. या लोकांनी महिन्याच्या भाड्यात वाघोलीतली एखादी कॉट धरूनच हिशेब करावा.

पैशाचं गणित

सांगितलेल्या दरात १८ टक्के जीएसटी धरलाय का, हा पहिला प्रश्न. समजा महिना ५,००० सांगितला आणि कर वेगळा, तर हातातून ५,९०० जातात. पगारदाराला तो कर परत मिळत नाही. एका दिवसाचे ४०० आणि महिन्याचे ५,००० असतील, तर महिन्यात बारा दिवसांपर्यंत यायचं असेल तर रोजचाच पास परवडतो. कंपनी भाडं देते का, हेही एचआरला विचारावं. काही देतात, पण न मागता कुणी देत नाही.

कागद वाचूनच सही करावी. हा बहुतेक वेळा घरासारखा भाडेकरार नसतो, सेवेचा करार असतो. लॉक-इन किती महिन्यांचं, सोडताना नोटीस किती दिवसांची, हे त्यात शोधायचं. अकरा महिन्यांचं लॉक-इन आणि तिसऱ्या महिन्यात नोकरी गेली, तर उरलेलं भाडं कोण भरणार? सुरुवातीला महिन्या-महिन्याचीच बोली करावी, दर थोडा जास्त पडला तरी चालेल. डिपॉझिट एका महिन्याच्या वर देऊ नये. मोठं नाव आहे म्हणून निर्धास्त राहू नये. अमेरिकेतल्या वीवर्क कंपनीने २०२३ मध्ये तिथे दिवाळखोरीचा अर्ज केला होता, तिचा भारतातला कारभार वेगळा होता म्हणून इथे तो चालू राहिला. डिपॉझिट रोख न देता खात्यावर टाकावं, पावती घ्यावी. जागा सोडायची नोटीस तोंडी नको, ईमेलवर द्यावी आणि त्याच दिवशी चावी परत केल्याचं लिहून घ्यावं.