पुढचे पान कोठून सुरू होते?

फोनवर आपण मित्रांचे निरोप, बातम्या किंवा बँकेतले व्यवहार पाहतो. सर्वांत नवी नोंद वर, जुन्या खाली. वीसएक नोंदी दिसतात आणि बोट सरकवले की पुढच्या वीस येतात. अशा यादीला फीड म्हणतात. कधी कधी नुकतीच वाचलेली नोंद खाली पुन्हा भेटते. ते आपण सोडून देतो. उलट प्रकार अधिक वाईट. एखादी नोंद मधूनच गळते आणि ती गळली हे कळतही नाही. दोन्हींचे मूळ एकच आहे. 'पुढचे पान' म्हणजे काय, हे आपण संगणकाला कसे सांगतो?

सर्वांत सोपी, आणि बहुतेक पाठ्यपुस्तकांत आधी शिकवली जाणारी पद्धत मोजण्याची. दुसरे पान हवे तर 'पहिल्या २० सोडून पुढच्या २० दे', तिसरे हवे तर '४० सोडून २० दे'. पण सोडायच्या नोंदीही संगणकाला एकेक करून ओलांडाव्याच लागतात. १,००० व्या पानासाठी तो २०,००० नोंदींना हात लावतो आणि त्यांतल्या १९,९८० टाकून देतो. पहिल्या पानापासून हजाराव्यापर्यंत कोणी सगळी यादी वाचली, तर एकूण श्रम २० × (१ + २ + … + १,०००), म्हणजे १,००,१०,००० नोंदी. हाती आल्या फक्त २०,०००. आपली अंकगणिती श्रेढी अशी अनपेक्षित ठिकाणी भेटते.

यावर कोणी म्हणेल, डेटाबेसमध्ये सूची असते ना? असते. बोइंग कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेत रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्क्राइट यांनी मांडलेले 'बी-ट्री' हे तिचे रूप. त्यांचा निबंध १९७२ साली प्रसिद्ध झाला. (या नावातला 'बी' कशाचा, हे त्या निबंधात सांगितलेले नाही.) हे झाड उलटे, मूळ वर. प्रत्येक गाठीवर पाट्या असतात : या तारखेच्या आधीचे हवे तर या फांदीला, नंतरचे हवे तर त्या. एका गाठीला २०० फांद्या धरल्या तर चार पायऱ्यांत २०० × २०० × २०० × २००, म्हणजे १६० कोटी नोंदींपैकी हवी ती सापडते. मात्र पाटीवर 'कोणत्या वेळेच्या नोंदी' हे लिहिलेले असते, 'किती नोंदी' हे नसते. म्हणून '१९,९८१ वी नोंद कुठे?' या प्रश्नापुढे हे झाड मुके होते. पाट्यांवर संख्या लिहिता येतील, पण मग प्रत्येक नव्या नोंदीबरोबर मुळापर्यंतच्या सगळ्या संख्या बदलाव्या लागतील. हजारो लोक एकाच वेळी नोंदी घालत असताना हे परवडत नाही, म्हणून नेहमीचे डेटाबेस त्या वाटेला जात नाहीत.

वेग कमी असला तर माणूस थांबेल. चुकीच्या उत्तराचे काय? आपण पहिले पान वाचत असताना वर तीन नव्या नोंदी आल्या, तर सगळी यादी तीन घरे खाली सरकते आणि दुसऱ्या पानावर पहिल्याच्या शेवटच्या तीन पुन्हा दिसतात. नोंदी कमी झाल्या तर उलट. समजा, शिष्यवृत्तीचे १०० अर्ज 'निर्णय बाकी' या यादीत आहेत. कारकुनाने १ ते २० निकाली काढले. ते यादीतून गेले. आता २१ ते ४० हेच पहिले पान झाले! तो मात्र दुसरे पान मागतो आणि त्याला ४१ ते ६० मिळतात. तिसऱ्या पानावर ८१ ते १००. चौथे पान कोरे, म्हणून तो काम संपले समजतो. चाळीस मुलांचे अर्ज कोणी पाहिलेच नाहीत. शंभर चिठ्ठ्यांवर आकडे घालून वर्गात हे करून पाहावे; मुलांना आधी पटत नाही.

उपाय आपण पुस्तक वाचताना करतो तोच : खूण ठेवणे. 'इतक्या सोडून' असे न म्हणता 'शेवटची पाहिलेली नोंद अमुक, तिच्या पुढच्या २० दे' असे म्हणायचे. कारकुनाने '२० क्रमांकाच्या पुढचे' मागितले असते तर २१ वाच अर्ज हाती आला असता. फीडमध्ये खूण म्हणजे वेळ. ती पाट्यांवर असतेच, त्यामुळे हजारावे पान पहिल्याइतक्याच झटपट येते.

इथे एक बारीक खड्डा आहे. एकाच सेकंदाला पाच नोंदी झाल्या आणि पान त्यांच्या मधोमध संपले तर? '१०:०५:१७ च्या आधीच्या' मागितल्या तर उरलेल्या गळतात; 'त्या वेळेच्या किंवा आधीच्या' म्हटले तर पाहिलेल्या पुन्हा येतात. म्हणून खूण जोडीची हवी : वेळ आणि नोंदीचा क्रमांक. आधी वेळेची तुलना, ती सारखी असेल तरच क्रमांकाची. शब्दकोशात पहिले अक्षर सारखे असल्यावर दुसरे पाहतो तसे. सूचीही याच क्रमाने लावलेली हवी : व्यक्ती, मग वेळ, मग क्रमांक. नाहीतर खूण असूनही सगळे चाळावे लागते.

याची किंमत आहे. थेट ३७ व्या पानावर उडी मारता येत नाही, कारण ३६ व्याची शेवटची नोंद ठाऊक नसते. फीडखाली पानांच्या आकड्यांऐवजी 'आणखी दाखवा' असते त्याचे हे एक कारण. फीड वाचणाऱ्याचे त्यात फारसे बिघडत नाही, असे मला वाटते.

आता, आपण २०० जणांच्या नोंदी पाहत असलो तर? एक मार्ग असा : प्रत्येकाच्या यादीची वरची नोंद घ्यायची, त्यांतली सर्वांत नवी उचलायची, तिच्या जागी त्याच यादीतली पुढची आणायची, असे वीस वेळा. दुसरा मार्ग, कोणी लिहिताक्षणीच त्या नोंदीचा क्रमांक प्रत्येक वाचकाच्या पेटीत टाकून ठेवायचा. वाचणे मग फार सोपे. पण एखाद्या नटाचे एक कोटी वाचक असले तर एका वाक्यासाठी एक कोटी पेट्या उघडाव्या लागतात. ट्विटरच्या (आताच्या एक्सच्या) अभियंत्यांनी २०१२-१३ च्या सुमारास या दोहोंचे मिश्रण जाहीरपणे मांडले होते : सामान्यांचे लिखाण पेट्यांत आधीच टाकायचे, आणि अतिप्रसिद्धांचे, वाचक यादी उघडेल तेव्हा, त्यात मिसळायचे.