खांबाला टेकलेली नटी

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांच्या बराकीत नट्यांची छायाचित्रे लागत. गोऱ्यांच्या बराकीत बेटी ग्रेबल, कृष्णवर्णीयांच्या बराकीत लीना हॉर्न. सैन्यच रंगावरून विभागलेले, मग भिंती तरी कशा एक असणार?

१९१७ साली ब्रुकलिनमध्ये जन्मलेली लीना सोळाव्या वर्षी हार्लेमच्या कॉटन क्लबात नाचू लागली. तिथे नाचणारे काळे आणि बघणारे फक्त गोरे! १९४२ साली मेट्रो-गोल्डविन-मेयरने तिच्याशी दीर्घ मुदतीचा करार केला. तिचे वडील स्टुडिओच्या प्रमुखासमोर जाऊन बसले. माझ्या मुलीसाठी मोलकरीण ठेवण्याची माझी ऐपत आहे, तिला पडद्यावर मोलकरीण करू नका, असे त्यांनी बजावले. ‘नॅशनल असोसिएशन फॉर द अॅडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल’चे वॉल्टर व्हाइटही तिच्या पाठीशी होते.

मोलकरीण केले नाही, पण नायिका तरी कुठे केले? १९४३ चे ‘केबिन इन द स्काय’ आणि ‘स्टॉर्मी वेदर’ हे कृष्णवर्णीय कलावंतांचे चित्रपट सोडले, तर ती उंची पोशाखात खांबाला टेकून एक गाणे गायची आणि निघून जायची. कथेशी संबंध नाही. हे मुद्दाम केलेले होते. दक्षिणेकडील राज्यांत चित्रपट गेला की तेवढा तुकडा कापता यावा! जाहिरातीत मिरवायला लीना हवी, कथेत नको.

सैनिकांसमोर गायला ती छावण्यांत जाई. आर्कान्सामधल्या एका छावणीत पुढच्या रांगांत जर्मन युद्धकैदी बसवलेले आणि त्यांच्या मागे कृष्णवर्णीय अमेरिकन सैनिक. हिटलरचे शिपाई पुढे, कारण ते गोरे! लीना मंचावरून उतरली, थेट मागे गेली आणि कैद्यांकडे पाठ करून आपल्या माणसांसाठी गायली. पुढे छावण्यांचे दौरे तिने स्वतःच्या खर्चाने केले. सैन्यातील हा रंगभेद संपवण्याचा आदेश राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी काढला तो १९४८ साली, युद्ध संपून तीन वर्षे झाल्यावर.

१९५१ साली ‘शो बोट’ आला. त्यातली ज्यूली ही मिश्र वंशाची, गोऱ्याशी लग्न केलेली गायिका. लीनाला ही भूमिका हवी होती. पण काळ्या-गोऱ्यांचे प्रेम पडद्यावर दाखवायला चित्रपटसंहितेची मनाई होती. भूमिका गोऱ्या अॅव्हा गार्डनरला मिळाली. लीना पडद्यावर फार उजळ दिसते म्हणून मॅक्स फॅक्टरने तिच्यासाठी ‘लाइट इजिप्शियन’ नावाचा खास रंग तयार केला होता. तोच रंग गार्डनरच्या चेहऱ्याला लावला, असे लीना पुढे सांगत असे.