सुट्टीतली पहिली शेतफेरी

परीक्षा संपल्या की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत आते-मामे भावंडं जमू लागतात. कुणी पुण्याहून येतं, कुणी बंगळूरहून. दुसऱ्याच दिवशी सगळी फौज शेतावर जाते. निघताना मोठ्यांची सूचना एकच असते, "जपून रे!" पण कशापासून जपायचं, ते सहसा कुणी सांगत नाही.

शहरातल्या मुलाला शेतातला धोका ओळखता येत नाही. गावातल्या मुलाला तो रोजचाच असल्याने त्याचं काही वाटेनासं झालेलं असतं. दोघं एकत्र आली की एकाचं बघून दुसरा ट्रॅक्टरच्या मडगार्डवर चढतो. म्हणून पहिल्या दिवशी एक शेतफेरी काढा. सोबत मोठं माणूस हवंच, पण माहिती सांगायची गावच्या मुलाने. पाहुण्या भावंडांना समजावताना त्याचंही लक्ष नव्याने जातं.

ट्रॅक्टर : ट्रॅक्टरमागच्या अवजाराला फिरवणारा दांडा, म्हणजे पीटीओ शाफ्ट, साधारणपणे मिनिटाला ५४० फेरे घेतो. म्हणजे तोंडाने 'एक' म्हणेपर्यंत नऊ! घरी लाटण्यात जुन्या ओढणीचं टोक अडकवून लाटणं फिरवून दाखवा. ओढणी कशी भराभर गुंडाळली जाते, ते मुलं विसरणार नाहीत. मग नियम सोपा : इंजिन चालू असेल तर जवळ जायचं नाही, आणि सीट एक तर माणूसही एकच. चालवणाऱ्यानेही मागे घेण्याआधी खाली उतरून एकदा बघावं.

फवारणीचं औषध : डब्याच्या लेबलवर रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, निळा आणि हिरवा. रिकामे डबे हाताळायला न देता लांबूनच रंग ओळखायला लावा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, हेही सांगा. मात्र उरलेलं औषध आपणच सरबताच्या बाटलीत ओतून ठेवलं, तर मुलाने काय ओळखायचं? औषध मूळ डब्यातच आणि कुलपातच ठेवायला हवं.

विहीर आणि बोअर : २०१७ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, अथणी तालुक्यात, सहा वर्षांची मुलगी उघड्या बोअरमध्ये पडली. तिला वाचवता आलं नाही. निकामी बोअर तळापासून वरपर्यंत भरून बुजवावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलेलं आहे. उघडं तोंड दिसलं तर वाकून न बघता घरी येऊन सांगायचं, आणि सांगणाऱ्याला शाबासकी द्यायची. विहिरीत कुणी पडलं तर मागोमाग उडी घ्यायची नाही. आरडाओरडा करायचा, काठावरूनच दोर किंवा लांब बांबू पुढे करायचा.

साप : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांची चित्रं आधी दाखवून ठेवा. कडब्याच्या गंजीत, बांधावरच्या दगडांत हात घालायचा नाही आणि अंधारात बॅटरीशिवाय पाऊल टाकायचं नाही. साप चावलाच तर आवळून बांधणं, कापणं, मांत्रिक यांत वेळ घालवू नये. चावलेला भाग हलू न देता थेट दवाखाना गाठावा, कारण उतारा म्हणजे प्रतिसर्पविष, ते तिथेच मिळतं.

एक गोष्ट मात्र बहुतेक घरांत राहून जाते. मुलांना १०८ आणि ११२ हे नंबर पाठ असतात, पण "कुठे आहात?" असं विचारल्यावर पाहुण्या मुलाला काय सांगता येणार? शेताला घरात जे नाव आहे ते गाडीवाल्याला ठाऊक नसतं. म्हणून गावाचं नाव, कुठल्या पाणंदीने आत वळायचं, जवळचं देऊळ किंवा शाळा कोणती, हे चार शब्द फेरी संपण्याआधी प्रत्येकाकडून म्हणवून घ्या. बोअरच्या पेटीवरही ते ठळक अक्षरांत लिहून ठेवा. मग खुशाल कैऱ्या पाडायला जाऊ द्या!