वल्ह्यामागचे बळ

वल्हे हातांच्या जोरावर चालते हा समज निदान आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांत तरी नसावा. पण तो आहे. शर्यतीच्या होडीत आसन रुळांवर पुढेमागे सरकते, पावले फळीला जखडलेली असतात, आणि प्रत्येक फटक्यातला सर्वांत मोठा वाटा मांड्यांचा असतो. पाठ त्यानंतरची आणि दंड अगदी शेवटी. म्हणूनच आजचे नौकानयनपटू पाण्यावरचा सराव संपवून खांद्यावर भार घेऊन बैठका मारतात, जमिनीवरची जड वजने उचलतात.

पाण्याचा स्वभावच असा आहे की, होडीचा वेग दहा टक्क्यांनी वाढवायचा तर शक्ती सुमारे एकतृतीयांश अधिक लागते. २००० मीटरच्या शर्यतीत दोनशेहून अधिक फटके मारावे लागतात. ज्याचे मूळ बळ मोठे, त्याला दर फटक्याला त्यातला लहानसा हिस्साच वेचावा लागतो, आणि शेवटच्या पाचशे मीटरसाठी गाठीला काही उरते. अर्थात पैलवान आणून होडीत बसवला म्हणजे काम झाले असे नव्हे. सहासात मिनिटांच्या या झुंजीत बहुतेक ऊर्जा दमसासावरच येते.

दत्तू भोकनळ हे उदाहरण आमच्या डोळ्यांपुढे आहे. चांदवड तालुक्याच्या दुष्काळी मुलखात विहिरी खणणारा हा तरुण सैन्यात गेल्यावर होडीत बसला, २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी शर्यतीत तेरावा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या होडीतून सुवर्णपदक घेऊन परतला. कष्टाने कसलेले शरीर त्याच्यापाशी होतेच. पुण्याच्या लष्करी केंद्रातील शिस्तबद्ध शिक्षण लाभले नसते, तर ते बळ विहिरीतच राहिले असते.

रापणीचा दोर ओढताना वाळूत रोवले जाणारे पाय आमच्या गावागावांत आहेत. मात्र कमी वजनाच्या खेळाडूंचा वेगळा गट २०२४ नंतर ऑलिंपिकमधून गेला, आणि २०२८ साली लॉस एंजेलिसला शर्यत १५०० मीटरची होणार. सडपातळ मुलांना आता बळ कमावल्यावाचून गत्यंतर नाही. ते कमावताना घाई मात्र नको. कंबर आणि बरगड्या ही या खेळातील नेहमीची दुखरी स्थाने असून, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या हाती देखरेखीवाचून जड वजने देणे हा निव्वळ अविचार होय.

आमची सूचना इतकीच की, नव्या होडीची मागणी करणाऱ्या प्रत्येक मंडळाने नदीकाठी वजनांची एक खोली आणि ती उचलायला शिकवणारा जाणता शिक्षक यांचीही तरतूद त्याच अर्जात मागावी.